मीटर खोटं, का बघणारा? : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात लिहिलं होतं की प्रयोगशाळेतल्या उपकरणांबद्दल काही अडत असेल तर कळवा. वाटलं होतं दहावी-बारावीची पोरं लिहितील, पण निम्मी पत्रं आली ती द्राक्षवाल्यांची, दूधवाल्यांची आणि विट्याच्या गलाईवाल्यांची (म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणाऱ्यांची). बरंच झालं, कारण आपल्या सांगली-साताऱ्यात ही हत्यारं कॉलेजच्या कपाटात जेवढी आहेत त्याच्यापेक्षा जास्त बागेत, संकलन केंद्रावर आणि दुकानात आहेत, आणि तिथं रीडिंग चुकलं की मार्क नाही, पैसे जातात. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं मुद्दाम काढलीत.

ताई, माझी थॉमसनची बाग आहे. सकाळी माझ्या हातातल्या रिफ्रॅक्टोमीटरवर गोडी १८ आली. दुपारी व्यापारी आला, त्याच्या मीटरवर साडेसोळा. म्हणतो अजून थांबा नाहीतर रेट कमी करा. दोघांपैकी खोटं कोण?
— द्राक्ष बागायतदार, तासगाव तालुका

दादा, दोघंही खरे असू शकता, आणि हे मी व्यापाऱ्याची बाजू घेऊन सांगत नाही.

रिफ्रॅक्टोमीटरला साखर दिसत नाही. रसातनं जाताना उजेड किती वाकतो तेवढंच त्याला कळतं, आणि त्यावरनं तो साखरेचा आकडा लावतो. साध्या शुद्ध पाण्याचा अपवर्तनांक १.३३३ आणि १८ ब्रिक्सच्या (म्हणजे १०० ग्रॅम रसात १८ ग्रॅम साखर धरलेल्या) रसाचा साधारण १.३६०, म्हणजे सगळा खेळ एवढ्याशा फरकावर चाललाय. आता उजेडाचं हे वाकणं तापमानावर पण अवलंबून असतं, रस आणि काच गरम झाली की ते कमी होतं आणि आकडा खाली येतो. ब्रिक्सची पट्टी २० अंश सेल्सिअसला धरून आखलेली असते आणि त्याच्यावर दर अंशाला साधारण ०.०७ ब्रिक्स आकडा कमी दिसतो. ऐकायला काहीच नाही, पण फेब्रुवारीतली सकाळ आणि गाडीच्या डॅशबोर्डवर तापलेला मीटर यात २० अंशाचा फरक सहज पडतो, आणि मग १.४ ब्रिक्स गायब! तुमचा फरक दीड आहे म्हणताय, बघा आता.

मीटरवर एटीसी असं लिहिलं असेल तर तो तापमानाची भरपाई आपली आपण करतो, पण ती पण बहुतेक मीटरमधे १० ते ३० अंशापर्यंतच धरता येते, उन्हात भाजलेल्या मीटरला एटीसी काय करणार. म्हणून पुढच्या वेळी असं करा, दोन्ही मीटर एकाच सावलीत दहा-पंधरा मिनिटं ठेवा, एकाच बाटलीतल्या डिस्टिल्ड वॉटरचा थेंब टाकून दोन्ही शून्यावर आणा (वर छोटा स्क्रू असतो), आणि मग एकाच वाटीतला रस दोन्हीवर टाका. थेंब टाकल्यावर अर्धा मिनिट थांबायचं म्हणजे रस आणि काच एका तापमानाला येतात. एवढं केल्यावर पण दीडचा फरक राहिला तर मग खुशाल भांडा.

दुसरी गोष्ट मीटरची नाहीच, मण्याची आहे. घडाच्या खांद्यावरचा मणी गोड असतो आणि टोकाचा कमी गोड, उन्हाकडचा घड आणि पानाखालचा घड यात पण फरक असतो. मालक खांद्याचा मणी तोडतो आणि व्यापारी टोकाचा, हे आख्ख्या तालुक्याला माहितीय. खरं बघायचं असेल तर बागेत फिरून वेगवेगळ्या वेलींवरनं वरचे, मधले, टोकाचे असे मणी घ्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळे एकत्र चुरडा आणि त्या रसाचा थेंब बघा. आणि सकाळी मण्यावर दव असेल तर आधी पुसा, दवाचं पाणी रसात गेलं की आकडा पडला, आणि तो तुमच्याच विरोधात पडतो.

काच पुसायला मऊ ओलं कापड, टॉवेलनं घासू नका, आणि आख्खा मीटर नळाखाली धरायचा नाही, आत पाणी शिरलं की पट्टी धुरकट दिसायला लागते.

मॅडम, आमचं घर विट्याला, गलाईचं दुकान दिल्लीला. इथनं मिलिग्रॅमचा काटा नेला. इथं १०० ग्रॅमचं वजन बरोबर १०० दाखवायचा, तिथं तेच वजन ८० मिलिग्रॅमच्या वर जास्त दाखवतोय. काटा बिघडला का कुणी हात मारला?
— गलाई व्यावसायिक, विटा

हे पत्र वाचून मला फार आनंद झाला, तुम्हाला अर्थातच झाला नसणार.

हात कुणी मारलेला नाही. इलेक्ट्रॉनिक काटा वजन मोजतो म्हणजे पृथ्वी त्या वस्तूला किती जोरानं खाली ओढते ते मोजतो. चांगल्या काट्यात पॅनखाली चुंबकात एक कॉइल असते, पॅन खाली जाऊ नये म्हणून त्या कॉइलमधे किती करंट सोडायला लागला त्याचा हिशोब करून तो ग्रॅम दाखवतो. आणि ही ओढ सगळीकडं सारखी नसते. विषुववृत्ताजवळ कमी, उत्तरेकडं जाल तशी जास्त, आणि उंचावर कमी. विटा १७ अंश अक्षांशावर आणि वर माणदेशाच्या पठाराला लागून, दिल्ली साडेअठ्ठावीस अंशावर आणि उंची जेमतेम सव्वादोनशे मीटर, म्हणजे दोन्ही कारणं एकाच बाजूला जातात. गणित मांडलं तर १०० ग्रॅमला ८० ते ९० मिलिग्रॅमचा फरक यायलाच पाहिजे. तुमचा काटा इतका चांगला आहे की त्याला विटा आणि दिल्लीतला फरक कळला.

जुन्या दोन पारड्यांच्या तराजूला हे कळलं नसतं, कारण तिथं ओढ दोन्ही पारड्यांवर सारखीच वाढते, सोन्यावर पण आणि वजनावर पण.

तेव्हा काटा ज्या जागी वापरायचा त्या जागी कॅलिब्रेशन करायचं, प्रमाणित वजन ठेवून, आणि ते वजन बोटानं उचलायचं नाही, चिमट्यानं. हाताचा घाम आणि तेल मिलिग्रॅमच्या काट्याला दिसतं. चालू केल्यावर निदान अर्धा तास गरम होऊ द्या, लेव्हलचा बुडबुडा मधे आहे का बघा, पंखा बंद, काचेची दारं बंद. आणि तुमच्या धंद्यातली खास गोष्ट म्हणजे मुशीतनं काढलेलं सोनं पूर्ण गार झाल्याशिवाय ठेवू नका, गरम वस्तूभोवतीची हवा वर चढते, पॅनला हलकंसं उचलते आणि वजन कमी दिसतं. मग गिऱ्हाईकासमोर आकडा हळूहळू वाढत जातो आणि गिऱ्हाईक तुमच्याकडं बघत राहतं. जागा बदलल्यावर वैधमापनवाल्यांकडनं तपासणी आणि शिक्का याचं पण तिथं विचारून घ्या, ते सरकारी काम आहे, टाळून चालत नाही.

मॅडम मी नववीत आहे. आम्ही प्रॅक्टिकलला पाणी उकळलं तर थर्मामीटर साडेपंचाण्णवच्या वर गेलाच नाही. सगळ्यांनी जर्नलमधे १०० लिहिलं. मी ९५.५ लिहिलं तर लाल शेरा मिळाला. थर्मामीटर खराब आहे का?
— विद्यार्थिनी, पाचगणी

तू लिहिलंस तेच बरोबर आहे, आणि वर्गातल्या बाकीच्यांनी पुस्तक बघून लिहिलंय.

पाणी १०० अंशाला उकळतं ते समुद्रसपाटीला, जिथं हवेचा दाब ७६ सेंटीमीटर पाऱ्याएवढा असतो. वर जाऊ तसा दाब कमी होतो, आणि साधारण ३०० मीटरला उत्कलनबिंदू एक अंशानं उतरतो. पाचगणी १३०० मीटरच्या आसपास आहे, भागाकार तूच करून बघ. सांगलीत माझ्याकडं पाणी साधारण ९८ ला उकळतं आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावर १०० ला. पूर्वी तर डोंगराची उंची मोजायलाच हा प्रयोग करायचे, वर जाऊन पाणी उकळायचं आणि थर्मामीटर बघायचा, त्या उपकरणाला हिप्सोमीटर म्हणतात. म्हणजे तुझ्या वर्गानं त्या दिवशी न कळत पाचगणीची उंची मोजली आणि मग खोडून टाकली.

तरी सरांना नुसतं "मासिकात आलंय" असं सांगू नकोस, दाखव. बर्फ बारीक कुटून थोड्या पाण्यात घाल, थर्मामीटर त्यात धर, हलवत रहा. शून्य दाखवला म्हणजे थर्मामीटर ठीक आहे, बर्फ वितळायच्या तापमानावर उंचीचा नावापुरताच परिणाम होतो. जर तिथंही खाली दाखवला, समज उणे दोन, तर मग थर्मामीटरच चुकतोय आणि सरांचा शेरा अर्धा तरी बरोबर. आणि उकळताना थर्मामीटरचा फुगा बीकरच्या तळाला टेकवायचा नाही, तिथं ज्योतीमुळं जास्त दाखवतो.

ताई, आम्ही चार जणी मिळून केळीच्या रोपांची छोटी टिश्यू कल्चर लॅब चालवतो. ऑटोक्लेव्हचा काटा १५ वर नेतो, २० मिनिटं ठेवतो, तरी बाटल्यांमधे बुरशी आणि पांढरं येतं. काय चुकतंय?
— वाळवा तालुका

पहिली शंका मला हवेची येते. ऑटोक्लेव्ह म्हणजे मोठा कुकरच, पण कुकरमधे आपण शिट्टी ठेवायच्या आधी वाफ जोरात येऊ देतो ना, ती वाफ आतली हवा बाहेर ढकलते, आणि ऑटोक्लेव्हला हीच पायरी लोक गाळतात. गेज दाखवतो दाब, तापमान नाही. आत नुसती वाफ असेल तर १५ पीएसआयला (पीएसआय म्हणजे दर चौरस इंचाला पाउंडात दाब) १२१ अंश मिळतात, निम्मी हवा राहिली असेल तर त्याच १५ ला ११२ च्या आसपास, आणि हवा अजिबात काढलीच नसेल तर १०० च. काटा तिन्ही वेळा १५ वरच! म्हणून झाकणावरचा कॉक उघडा ठेवून वाफेचा सरळ सलग झोत पाच-सात मिनिटं जाऊ द्या आणि मगच बंद करा. २० मिनिटं मोजायची ती १५ पीएसआय झाल्यावर, शेगडी पेटवल्यापासनं नाही, आणि लिटरभराच्या बाटल्या असतील तर तेवढ्यानं आतलं मिडियम (रोपाचं खाद्य) गरमच होत नाही, तिथं अर्धा तास तरी लागतो. टोपणं सैल, बाटल्यांमधे जागा, आणि संपल्यावर कॉक एकदम सोडू नका, मिडियम उतू जातं.

उंचीचं वर पाचगणीच्या मुलीला सांगितलंय ते इथं पण लागू आहे पण तुमच्याकडं फरक एक पीएसआयच्या आतला आहे, सोडून दिला तरी चालेल. महाबळेश्वरला स्ट्रॉबेरीची लॅब काढाल तेव्हा १७ ठेवा.

पट्टीवर काळ्या रेघा येतात त्या टेपवर विसंबू नका, टेप एवढंच सांगतो की बाटली तापली. खरी परीक्षा जीवाणूंच्या बीजाणूंची, जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस नावाचा उष्णतेला लई चिवट जीवाणू असतो, त्याच्या तयार पट्ट्या मिळतात, बाटल्यांच्या मधोमध एक ठेवायची आणि नंतर उबवून बघायचं की मेला का.

पण त्याच्याही आधी एक फुकटची तपासणी करा. ऑटोक्लेव्ह केलेल्या थोड्या बाटल्या न उघडता आठवडाभर तशाच ठेवा. त्या खराब झाल्या तर दोष ऑटोक्लेव्हचा. त्या स्वच्छ राहिल्या आणि रोप लावलेल्या मात्र बिघडल्या, तर ऑटोक्लेव्हला बोल लावू नका, लॅमिनारचा (गाळलेल्या हवेच्या ज्या कपाटात रोपं लावता त्याचा) फिल्टर, हात, चिमटा न तापवणं यातलं काहीतरी आहे. आणि रोपाच्या बुडापासनंच दुधट पांढरं पसरत असेल तर बहुतेक जीवाणू केळीच्या आतनंच आलाय, मग कंद निवडण्यापासनं बदलायला लागेल.

आमच्या गटाकडं माती तपासायला पेनसारखा पीएच मीटर आहे. घेतला तेव्हा चांगला होता, आता आकडा स्थिर रहात नाही. आम्ही प्रत्येक वेळी स्वच्छ धुवून कोरडा करून ठेवतो.
— शेतकरी गट, पलूस

कोरडा करून ठेवता तिथंच घोडं पेंड खातंय. टोकाला जो काचेचा फुगा आहे त्याच्यावर पाण्यानं भिजलेला एक पातळ थर असतो आणि सगळं मोजमाप त्या थरावर चालतं. वाळला की मीटर सुस्त होतो. मग लोक डिस्टिल्ड वॉटरमधे बुडवून ठेवतात, ते पण वाईट, ते आतले क्षार बाहेर ओढून घेतं. पोटॅशियम क्लोराईडचं ३ मोलर द्रावण लागतं, १०० मिलिलिटरला साधारण साडेबावीस ग्रॅम, लॅबच्या दुकानातलं शुद्ध (खताच्या दुकानातलं लाल पोटॅश नको, विचारणार हे माहितीय म्हणून आधीच सांगते). टोपणात त्याचे थेंब घालून ठेवायचं. आत्ता रात्रभर त्यात बुडवून ठेवा, बऱ्याच वेळा मीटर परत येतो. मग आधी ७ च्या बफरवर (पीएच पक्का माहीत असलेल्या द्रावणावर) लावा, नंतर ४ किंवा ९.२ वर, आपली माती बघता ९.२ जास्त कामाचा. एकदा बाहेर ओतलेला बफर परत बाटलीत घालायचा नाही. एवढं करून पण आकडा नाचत असेल तर इलेक्ट्रोड संपला, ती वस्तू संपणारीच आहे.

मातीसाठी २० ग्रॅम माती, ५० मिलिलिटर पाणी, अधूनमधून ढवळत अर्धा तास. आणि कृष्णाकाठच्या मळीच्या रानात नुसता पीएच बघून निर्णय घेऊ नका. साडेआठच्या वर गेला तर चोपण असायची शक्यता मोठी, पण क्षारपड जमिनीचा पीएच साडेआठच्या आत असू शकतो आणि तरी ऊस पिवळा पडतो, तिथं ईसी मीटर (विजेच्या वाहकतेवरनं क्षार मोजणारा) लागतो. दोन्हीचे उपाय वेगळे आहेत, क्षारपडीला निचरा आणि चोपणला निचऱ्याबरोबर जिप्सम.

जाता जाता, हा मीटर मुळात शेतमालासाठीच जन्माला आला. १९३४ साली कॅलिफोर्नियात लिंबूवर्गीय फळं विकणाऱ्या संघाच्या एका केमिस्टला लिंबाच्या रसाचा आंबटपणा मोजायला नीट साधन मिळेना, म्हणून तो आपल्या जुन्या वर्गमित्राकडं, अर्नोल्ड बेकमनकडं गेला, आणि बेकमननं त्याला व्हॅक्यूम ट्यूब वापरून मीटर करून दिला.

लॅक्टोमीटर २९ दाखवतो, म्हणजे पाणी नाही. तरी केंद्रावर दूध नाकारलं. असं कसं?
— दूध उत्पादक, भिलवडी भाग

२९ म्हणजे घनता १.०२९, बास. पाणी घातलं की घनता उतरते हे खरं, पण साय काढली की ती चढते, कारण फॅट हलकं असतं. थोडी साय काढून थोडं पाणी घातलं तर लॅक्टोमीटर पुन्हा २९ वर येतो आणि त्याला काही कळत नाही. तुम्ही असं केलं असं मी म्हणत नाही, पण केंद्रावर हे गृहीत धरूनच फॅट बघतात. जुनी पद्धत गर्बरची, १८९१ सालापासनंची, १० मिलिलिटर सल्फ्युरिक ॲसिड, १०.७५ दूध, १ अमाइल अल्कोहोल, ॲसिड फॅट सोडून सगळं विरघळवतं आणि सेंट्रिफ्यूज फिरवला की फॅट नळीच्या मानेत वर येतं, सरळ वाचायचं. पुढच्या वेळी फॅटचा आकडा मागा. आणि धार काढल्या काढल्या लॅक्टोमीटर टाकू नका, फेस आणि हवा असते, आकडा कमी येतो. लॅक्टोमीटरवर जे तापमान छापलंय त्याच तापमानाला बघायचं.

घरात पाऱ्याचा थर्मामीटर फुटला. झाडून काढू का?
— गृहिणी, सातारा

झाडू नका, व्हॅक्यूम तर अजिबात नको, थेंब बारीक होऊन पसरतात आणि वाफ जास्त होते. पोरांना बाहेर काढा, खिडक्या उघडा, पंखा बंद. सोन्याची अंगठी, बांगड्या काढून ठेवा, पारा सोन्याला चिकटतो. दोन जाड कागदांनी थेंब एकत्र ढकला, ड्रॉपरनं उचला, बारीक राहिलेले चिकटपट्टीनं, आणि सगळं झाकणाच्या बरणीत बंद. बेसिनमधे ओतायचं नाही. बरणी कचऱ्यात न टाकता नगरपालिकेत किंवा दवाखान्यात घातक कचरा कुठं घेतात ते विचारा.

आमच्या शाळेतल्या मायक्रोस्कोपच्या लेन्सवर पावसाळ्यानंतर कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसतं. पुसून जात नाही.
— विज्ञान शिक्षक, पाटण तालुका

सर, ती बुरशी आहे, आणि कोयनेच्या खोऱ्यातल्या पावसात लाकडी पेटीत चार महिने बंद ठेवल्यावर दुसरं काय होणार. वरवर असेल तर लेन्स पेपरला थोडं लेन्स क्लीनर लावून आतनं बाहेर गोल पुसून बघा, शर्टाच्या टोकानं नको. १०० एक्सच्या लेन्सवर तेल तसंच वाळू देत असाल तर ते दर वेळी पुसायची सवय मुलांना लावा. जाळं लेन्सच्या आतल्या बाजूला असेल तर स्वतः खोलू नका, जुळणी बिघडते, दुरुस्तीवाल्याकडं द्या, आणि लवकर द्या, कारण बुरशीतनं निघणारं आम्ल काचेवरचा लेप खातं आणि मग डाग कायमचा. पुढच्या जूनला मायक्रोस्कोप हवाबंद प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पिशवीबरोबर ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की ओलावा भरला, लॅबच्या ओव्हनमधे ११०-१२० अंशाला दोन-तीन तास तापवले की परत निळे होतात, तेच वर्षानुवर्षं चालतात. त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं, म्हणून दाणे मुलांच्या हाताला लागू देऊ नका, आणि घरच्या स्वयंपाकाच्या ओव्हनमधे तर तापवूच नका.